घाई, बेपर्वाई आणि साहस

(अकादमीच्या भाषांतरविषयक चर्चासत्रात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी इंग्रजीतल्या एका छोट्या शब्दकुळाबद्दल बोलणार आहे. हेस्टी, हेडलाँग, रॅश, रेकलेस ही त्यातली ठळक मंडळी. आपल्या वर्गांत या सगळ्यांची बोळवण बहुधा 'घाईचा' किंवा फार तर 'उतावळा' एवढ्यावर होते. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण यातले काही शब्द वेगाबद्दल बोलतात आणि काही मनाबद्दल. हा फरक पुसला गेला, तर ज्याच्याविषयी आपण लिहितो त्या माणसावर अन्याय होऊ शकतो. माझा मुद्दा एवढाच आहे.

'हेस्टी'मधला दोष वेळेचा आहे. विचाराला जेवढा वेळ द्यायला हवा होता, तेवढा दिला नाही. 'तडकाफडकी घेतलेला निर्णय' म्हटले की हा अर्थ नेमका येतो. 'हेडलाँग'मध्ये डोके पुढे करून झेपावण्याचे चित्र आहे. तिथे वेग आहेच, शिवाय स्वतःला आवरता न येणेही आहे. आपले 'बेफाम' आणि 'बेभान' त्याच्या जवळचे.

'रेकलेस'चा मात्र वेगाशी मुळात संबंध नाही. 'रेक' म्हणजे पर्वा करणे आणि 'लेस' म्हणजे नसलेला. फारसीतून आलेला आपला 'बेपर्वा' नेमका याच घडणीचा आहे. ब्रेक नादुरुस्त आहेत हे ठाऊक असून प्रवाशांनी भरलेली गाडी रस्त्यावर आणणारा मालक बेपर्वा असतो, मग ती गाडी बैलगाडीच्या गतीने का चालेना. उलट रुग्णवाहिकेचा चालक वेगात असतो, पण तेवढ्यावरून त्याला बेपर्वा म्हणता येत नाही.

कायद्याच्या भाषेत हा भेद फार मोलाचा ठरतो. १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३०४अ घातले गेले. त्यात 'रॅश' आणि 'नेग्लिजंट' असे दोन वेगळे शब्द आहेत. १८८१ च्या इदू बेग खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची फोड केली. धोका आहे हे जाणून तो पत्करणे आणि परिणामांविषयी बेफिकीर राहणे, ही पहिली गोष्ट. जी काळजी घेणे कर्तव्य होते ती न घेणे, ही दुसरी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्येही ही जोडी कायम आहे. सर्वसाधारण शिक्षेची कमाल मर्यादा मात्र दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे.

आता विचार करा. साक्षीदार आपल्या भाषेत सांगतो, 'तो घाईत होता.' नोंद इंग्रजीत व्हायची आहे. भाषांतरकाराने तिथे 'रॅश' लिहिले, तर 'धोका ठाऊक असूनही' हा अर्थ त्याने पदरचा घातला. साक्षीदार तसे बोललाच नव्हता. उलट साक्षीदार 'बेदरकारपणे' म्हणाला आणि कागदावर नुसते 'हेस्टी' उमटले, तर ज्याचे माणूस गेले त्याच्या तक्रारीतला प्राणच जातो.

अडचण आपल्या शब्दांतही आहे. 'साहस' पाहा. धर्मशास्त्रांत साहस हा बळजबरीचा, हिंसेचा गुन्हा होता. आजच्या मराठीत साहसाला आपण टाळ्या वाजवतो. जुना कोश उघडून 'रॅश'साठी कोणी 'साहसी' लिहिले, तर ठपक्याची शाबासकी होईल. पूर्वी हल्लेखोराला लावला जाणारा 'आततायी' आता अविचारी, टोकाला जाणाऱ्या माणसाला लावतात. शब्द कोशातून उचलताना तो आज कुठे राहतो, याची चौकशी करायला हवी.

असे स्थलांतर इंग्रजीतही झाले आहे. 'मोअर हेस्ट, लेस स्पीड' या म्हणीत घाई केली की वेग कमी कसा होतो, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. जुन्या इंग्रजीत 'स्पीड'चा अर्थ यश, भरभराट असाही होता. म्हणजे घाई वाढली की कार्यसिद्धी घटते. आपल्या रस्त्यांवरचा 'अति घाई, संकटात नेई' हा फलक त्याच कुळातला आहे.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. असा शब्द आला की विद्यार्थ्यांना आधी दोन प्रश्न विचारू या: कृती किती वेगाने झाली? आणि करणाऱ्याला धोका ठाऊक होता का? उत्तरे आली की लगबग, धांदल, उतावळेपणा, अविचार, हयगय, बेपर्वाई यांपैकी योग्य शब्द मुले स्वतःच शोधतात. मराठीत शब्दांची वाण नाही. ते नेमके वापरण्याची सवय वर्गात लागली, तर उद्या त्याच मुलांपैकी कोणी बातमी लिहील, कोणी जबाब नोंदवील, तेव्हा ती कामी येईल.