राजारामचे विद्यार्थी आणि चुलवाणातला जाळ

कोल्हापुरात १८८० साली राजाराम कॉलेज सुरू झालं. परदेश दौऱ्यावर असताना १८७० साली फ्लॉरेन्सला ऐन विशीत निवर्तलेल्या छत्रपती राजाराम महाराजांचं नाव त्याला मिळालं. या कॉलेजातून कोण कोण बाहेर पडलं हे इथल्या मंडळींना पाठ आहे. नामदार गोखले, यशवंतराव चव्हाण, खाशाबा जाधव, इंदिरा संत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ही नावं एका दमात घेतली जातात, टाळ्या पडतात आणि मंडळी जेवायला उठतात.

आजचं बोलणं त्या टाळ्यांच्या अलीकडचं आहे. ही माणसं शिकत होती तेव्हा राहत कुठं होती, जेवत कुठं होती, त्यांची फी कोण भरत होतं? एवढाच प्रश्न आहे, आणि हाताशी असलेल्या मिनिटांत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

गोखल्यांपासून सुरुवात करू. कोतळूकला जन्मलेला, कागलात वाढलेला हा मुलगा. वडील वारले तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले. पगार महिन्याला १५ रुपये. त्यातले ८ रुपये कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला जायचे आणि उरलेल्या सातांत घर चालायचं. गोपाळराव हाताने स्वयंपाक करून शिकले, १८८१ साली मॅट्रिक झाले, राजाराम कॉलेजात दाखल झाले आणि शेवटच्या टप्प्यासाठी मुंबईला एल्फिन्स्टनला जाऊन १८८४ साली बी.ए. झाले. गोपाळरावांचा फोटो सगळीकडे आहे. ते आठ रुपये पाठवणाऱ्या गोविंदरावांचा फोटो किती जणांनी पाहिला असेल?

हंगामात गुऱ्हाळावर गेलेल्या कोल्हापूरकराला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. घाण्यातून रस काहिलीत येतो. भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती काढतात. गुळव्या काहिलीवर उभा राहून रस कधी उतरवायचा ते ठरवतो. पण खाली चुलवाणाच्या तोंडाशी एक माणूस बसलेला असतो आणि चिपाडं आत सारत असतो. त्याचं तोंड काहिलीकडे नसतंच, जाळाकडे असतं. पेठेत बोली लागते ती गुळाच्या रव्यावर. रंग बघतात, कण बघतात, गुळव्याचं नावही निघतं. जाळ घालणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. आणि जाळ कमी पडला तर? रस कितीही गोड असो, गूळ धरत नाही. ऊस उत्तम होता, गुळव्या नामांकित होता, हे नंतर सांगून काय उपयोग?

मुलाची हुशारी म्हणजे रस. मळी काढणारे, चाचणी घेणारे हात राजारामला एकाहून एक लाभले. डॉ. बाळकृष्णांसारखे इतिहासकार प्राचार्य, माधव जूलियन, ना. सी. फडके, प्राकृताचे पंडित आ. ने. उपाध्ये. पुढे कन्नडचे विनायक कृष्ण गोकाक हेही इथे प्राचार्य होते. त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. म्हणून इथे बोलायचं आहे ते जाळाबद्दल.

हा जाळ ज्यांना पहिल्यांदा नीट कळला ते राजर्षी शाहू महाराज. खेड्यातल्या मुलाला फी माफ केली तरी तो शहरात राहणार कुठं, हे त्यांनी ओळखलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. त्यानंतर एकामागून एक समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. आणखी एक धागा जाता जाता. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं. ते मंजूर झालं नाही. पण ज्या संस्थानात ते स्वतः आठ रुपयांवर शिकले होते, तिथे शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. गोखले तोवर हयात नव्हते. या धाग्यावर खरं तर वेगळं भाषण व्हायला हवं.

आता खाशाबा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला होता. १९५२ साली हेलसिंकीला जायचं ठरलं तर पैशांची पुन्हा तीच ओढाताण. तेव्हा राजारामचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. ७ हजार! १९५२ सालचे! खाशाबांनी फ्रीस्टाईल कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग या माणसाने कुस्त्यांची मैदानं भरवून, त्यांत स्वतः लढून पैसे गोळा केले आणि खर्डेकरांचं घर सोडवलं. गुरूने विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकावं आणि विद्यार्थ्याने लाल मातीत उतरून ते परत मिळवावं, ही कोल्हापूरची गोष्ट आहे. ती शाळाशाळांतून सांगायला हवी.

बाकीची नावं भराभर घ्यावी लागतील. देवराष्ट्र्याचे यशवंतराव तुरुंगवास भोगून आल्यावर मॅट्रिक झाले आणि १९३८ साली वयाच्या पंचविशीत इथून बी.ए. झाले. मागे आई विठाबाई आणि थोरल्या भावांचे कष्ट होते. जमखंडीकडचे बी. डी. जत्ती राजाराममध्ये शिकले, कायदाही कोल्हापुरातच शिकले. १९७७ च्या मार्चनंतरचे काही महिने आठवा. दिल्लीत हंगामी राष्ट्रपती जत्ती आणि लोकसभेत विरोधी पक्षनेते यशवंतराव, दोघेही एकाच कॉलेजचे. निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार घटना समितीत बसले आणि पुढे त्यांनी पंचगंगा साखर कारखाना उभारला. इंदिरा संत राजाराम आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. पतीच्या निधनानंतर बेळगावात अध्यापन करत त्यांनी संसार पेलला आणि मराठी कविता समृद्ध केली. ‘गर्भरेशीम’ला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वसंतराव गोवारीकर कोल्हापुरात एम.एस्सी. करून बर्मिंगहॅमला गेले आणि पुढे थुंब्याच्या अवकाश केंद्राचे प्रमुख झाले. राजकारण, सहकार, कविता, अग्निबाण, कुस्ती, सगळं एकाच गावच्या पाण्यावर.

१९६२ साली सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ आलं. राजारामचे प्राचार्य राहिलेले इतिहासकार आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. त्या उघड्या माळावर तेव्हा झाडही मुश्किलीने दिसायचं. त्याच विद्यापीठाच्या कबड्डी संघाचा एक कप्तान मिरजेला डॉक्टरकी शिकत होता. त्याचं नाव नरेंद्र दाभोलकर. विद्यापीठात आज ‘कमवा व शिका’ योजना आहे. मुलं दिवसातले काही तास काम करतात आणि वसतिगृहात राहून शिकतात. हाही जाळच, फक्त चिपाडं स्वतःच सारायची.

मंडळी, थोडं रागावून बोलायचं तर इथेच बोलायला हवं. आपण मेळावे घेतो, स्मरणिका काढतो, कमानी उभारतो. चंदगड, आजरा, शाहूवाडीतून मुलं आजही जूनमध्ये वळकटी घेऊन येतात आणि वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून परत जातात. त्यांच्यात कोण होतं ते कळतच नाही, कारण न झालेल्या माणसाचा फोटो लागत नाही. बाहेरगावच्या मुलींचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. तिला दुरून रोज एस.टी.ने ये-जा करायला घरचे किती दिवस परवानगी देतील, यावर तिची पदवी अवलंबून असते. तो विषय आता पुरता मांडता येणार नाही, वेळ संपत आली आहे.

एकच विनंती. येत्या मेळाव्यात मोठ्या विद्यार्थ्याच्या फोटोखाली आणखी एक ओळ लिहा. गोखल्यांच्या खाली गोविंदराव, खाशाबांच्या खाली खर्डेकर. बोर्डिंगच्या जुन्या वह्या तपासा, त्यांत अशी पुष्कळ नावं निघतील. आणि मेळाव्याच्या वर्गणीतला एक भाग वसतिगृहातल्या एका मुलाच्या, एका मुलीच्या वर्षाच्या जेवणाला द्या. तो कसा गोळा करायचा, कुणाच्या हाती द्यायचा, हे संस्थांच्या कारभाऱ्यांनी या जूनच्या आत बसून ठरवावं.