वारस नोंद वेगळी, हक्कसोड वेगळं

मागच्या भागानंतर गटांच्या बैठकीत आम्हाला एकच प्रश्न फिरून फिरून आला. "सातबाऱ्यावर माझं नाव आहे, तरी भाऊ म्हणतो तुझं काही नाही. खरं काय?" म्हणून आज वकिलाची भाषा बाजूला ठेवून कागदावरचे शब्दच उघडून बघू.

सातबारा हे एका कागदाचं नाव असलं तरी त्यात दोन नमुने आहेत. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची, बारा सांगतो त्यात काय पेरलंय. तुम्ही सातवर बोट ठेवा. एका बाजूला भोगवटादार, म्हणजे जमीन ज्याची तो. दुसऱ्या बाजूला कूळ, खंड आणि इतर अधिकार. पूर्वी बाप गेला की लेकांची नावं भोगवटादारात आणि लेकींची, विधवेची नावं इतर अधिकारात टाकायची सर्रास रीत होती. तेव्हा नाव आहे का एवढंच बघू नका, कोणत्या बाजूला आहे तेही बघा.

नावापुढे कधी ए.कु.मॅ. असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या घराची, नाव एकाचं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. यातला अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, 18 वर्षांखालचं लेकरू. ते सज्ञान झालं की अर्ज देऊन पालनकर्त्याचं नाव कमी करून घ्यायचं. खूप घरांत ते तसंच पडून राहतं.

आता आजचं खरं बोलणं. आमच्या गटातली एक ताई पंचमीला माहेरी गेली. वडील जाऊन वर्ष झालेलं. भाऊ म्हणाले, वारसाची सही राहिलीय, तालुक्याला चल. जीपमधून नेलं, साडी घेतली, हॉटेलात जेवू घातलं. कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला, मशीनवर अंगठा घेतला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. दोन वर्षांनी तिला कळलं की ते हक्कसोडपत्र होतं.

हा फरक पक्का लक्षात ठेवा. वारस नोंद तलाठ्याकडे होते. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं देऊन अर्ज करायचा, तोही तीन महिन्यांच्या आत. तलाठी फेरफार लिहितात. फेरफार म्हणजे सातबाऱ्यावर काय बदल होणार त्याची नोंद. मग नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. यात तुमचा हिस्सा कोणाकडे जात नाही, उलट तुमचं नाव लागतं.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. फोटो, अंगठा, साक्षीदार हे सगळं तिथं. म्हणून कॅमेऱ्यासमोर बसवलं की समजायचं, हा दस्त आहे. मोठ्यानं वाचून दाखवा म्हणायचं, आणि अधिकारी "मजकूर मान्य आहे का" असं विचारतात तेव्हा कळलं नसेल तर नाही म्हणायचं. एकदा नोंदवलेला दस्त तलाठी किंवा तहसीलदार रद्द करू शकत नाहीत, दिवाणी कोर्टातच जावं लागतं. नुसत्या बाँडवर घरी लिहून घेतलेल्या हक्कसोडीनं मात्र जमिनीवरचा हक्क जात नाही.

भावाला हिस्सा द्यायचाच असेल तर खुशीनं द्या, तो तुमचा अधिकार आहे. माहेर तुटेल ही भीती आम्हालाही आहे, आम्हीही कोणाच्या बहिणी आहोत. पण साडीचोळी घेताना वावर देतोय हे ठाऊक तरी असावं.

लेकीचा हक्क कधीपासून? महाराष्ट्रानं 1994 मध्ये कायदा बदलला, पण तेव्हा लग्न झालेल्या लेकी वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभरात वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकासारखाच जन्मानं हक्क मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. 2005 ला वडील हयात नव्हते तर काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला मिटवला: तरीही हक्क आहे. फक्त 20 डिसेंबर 2004 पूर्वी जमीन विकली गेली असेल, किंवा नोंदणीकृत दस्तानं वा कोर्टाच्या हुकमानं वाटणी झाली असेल, तर ती मोडत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांचा. मुस्लिम बहिणींचा वाटा त्यांच्या कायद्यानं ठरतो, पण लेक आणि विधवा तिथेही वारस आहेतच.

नवरा गेला आणि मृत्युपत्र नसेल तर त्याच्या हिश्शात बायको, लेक, लेकी आणि हयात असेल तर सासू, सगळ्यांना सारखा वाटा. नवरा जिवंत असताना नाव लावायचं तर 1992 पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. हा विचार शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं गावोगाव नेला होता. नवऱ्यानं स्वतः अर्ज द्यावा लागतो, हीच तिची अडचण.

बोजा म्हणजे जमिनीवर लिहिलेलं कर्ज. कर्ज फिटलं तरी तो आपोआप निघत नाही. बँकेचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे द्यावा लागतो. इसार पावतीनं जमीन नावावर होत नाही, त्याला खरेदीखत लागतं. आणि आपल्याकडे निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी बऱ्याच. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 दिसलं तर परवानगीशिवाय व्यवहार करू नका, इसारही देऊ नका.

फेरफाराची नोटीस आली तर चुलीमागे ठेवू नका. 15 दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर झालीच, तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. ती मुदत गेली तरी घाबरू नका. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव नाही म्हणून वारसाहक्क संपत नाही, कोर्टाचा रस्ता राहतो.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो. पुढच्या बैठकीला माहेरचा आणि सासरचा असे दोन्ही काढून आणा. चष्मा असेल तर तोही आणा, अक्षर फार बारीक असतं.