घरच्या भाषेचा मान



अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्याने इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचे ज्ञान परीक्षेने सिद्ध केल्यास त्यास त्या विषयाची चारपर्यंत क्रेडिटे मिळू शकतात. ती भाषा शाळेत शिकविली जात नसली तरी चालते. तमिळ कुटुंबांतील मुलांस ही सोय उपयोगी पडते. मात्र बोलता येणे पुरेसे नाही. परीक्षेत लेखनही करावे लागते, आणि तमिळची बोली व लेखी भाषा यांत मोठे अंतर आहे. म्हणून पालक सुटीच्या दिवशी वर्ग भरवून मुलांस अक्षरओळख करून देतात.

खेड्यातील वर्गातही कोणी गोंडी, कोणी अहिराणी, कोणी कन्नड घरून घेऊन येतो. त्या भाषेस गुण देणे शिक्षकाच्या हाती नसेल. परंतु वर्गात तिची थट्टा होऊ न देणे खचित त्याच्या हाती आहे.