मासेमारी नौकेसाठी फिशफाइंडरच्या ट्रान्सड्यूसरची निवड व बसवणी
(किनारपट्टीवरील मच्छिमार व शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कृषिविद्या शिकवणारा माणूस नौकेच्या यंत्रावर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. माझे आजोळ हर्णै बंदराचे. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा समुद्रावरची शेतीही आता आमच्याच विषयात आली.

आमच्या मामांनी ट्रॉलरसाठी मोठ्या पडद्याचा फिशफाइंडर घेतला. बसवणाऱ्याने ट्रान्सड्यूसर मागे पंख्याजवळ लावला, कारण केबिन मागे होती आणि वायर कमी लागत होती. नौका उभी असताना चित्र छान दिसे. वेग घेतला की पडदा ठिपक्यांनी भरे व तळाची रेघ नाहीशी होई. सारा हंगाम अंदाजावर गेला आणि एकदा जाळे खडकात अडकून फाटले. पुढच्या पावसाळ्यात नौका वर घेतल्यावर तोच ट्रान्सड्यूसर पुढे सरकवला. यंत्र तेच, पण तळ स्वच्छ दिसू लागला. फवारणी पंप कितीही भारी असला तरी नोझल चुकीचे असेल तर औषध वाया जाते, तसाच हा प्रकार आहे.

काम कसे चालते?
ट्रान्सड्यूसरमधील स्फटिक विजेचे ध्वनीत रूपांतर करून तो पाण्यात सोडतो व परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. म्हणजे २० वाव पाण्यात तळाला आपटून परत येण्यास सेकंदाचा विसावा भाग लागतो. हवेवरून ध्वनी जोरात परततो. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, म्हणून ते पडद्यावर ठळक दिसतात. पण हीच हवा बुडबुड्यांच्या रूपाने ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखाली आली, तर ध्वनी खाली पोचतच नाही. आजच्या भाषणातली ही मुख्य गोष्ट लक्षात ठेवावी. बसवणीचे जवळजवळ सर्व नियम यातूनच निघतात.

निवड कशी करावी?
१) वारंवारिता : बाजारात ५० व २०० किलोहर्ट्झ अशी जोडी सर्रास मिळते. २०० चा झोत अरुंद असतो, बारकावे दाखवतो व उथळ पाण्यास चांगला. ५० चा झोत रुंद असतो व खोल जातो, पण बारकावे कमी दाखवतो. नोझलमधून शंकूसारखा फवारा पडतो तसाच हा झोत. २० वाव पाण्यात १२ अंशांचा झोत तळावर सुमारे ८ मीटर रुंद पडतो, तर ४५ अंशांचा सुमारे ३० मीटर. रुंद झोतात दिसलेला मासा नेमका नौकेखालीच असेल असे समजू नये. जवळ व खोल अशी दोन्ही मासेमारी करणाऱ्यांनी दोन्ही वारंवारितांचा घ्यावा.

२) शक्ती : ट्रान्सड्यूसर यंत्राशी जुळणारा असावा. ६०० वॅटच्या ट्रान्सड्यूसरला १ किलोवॅटचे यंत्र जोडल्यास तो निकामी होऊ शकतो.

३) नौकेचा तळ : लाकडी नौकेला कांस्य धातूचा, तळातून आरपार बसणारा घ्यावा. लाकूड पाण्यात फुगते व प्लॅस्टिकचे कवच तडकते. फायबरच्या नौकेला कांस्य किंवा प्लॅस्टिक दोन्ही चालते. फायबर भरीव असेल, मध्ये फोम वा लाकूड नसेल, तर आतून चिकटवण्याचा प्रकारही चालतो. लाकूड व लोखंडातून मात्र ध्वनी नीट जात नाही. लोखंडी तळाला कांस्य लावू नये. खाऱ्या पाण्यात भोवतालचे लोखंड झपाट्याने गंजते.

जागा कोणती?
आतल्या इंजिनाच्या नौकेत पाण्याच्या रेषेवरील लांबीच्या, नाळेपासून एक तृतीयांश अंतरावर जागा धरावी. ही लांबी १५ मीटर असेल तर नाळेपासून सुमारे ५ मीटर. पठाणापासून १५ ते ३० सेंटीमीटर बाजूला यावी. पंख्याची पाती ज्या बाजूला खाली जातात ती बाजू बरी. मागून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर उजवी. पुढच्या अंगाला पाणी ओढण्याचे भोक, पट्टी वा खिळ्याचे डोके नसावे, कारण तेथूनच बुडबुडे सुटतात. ओहोटीला खाडीत आपल्या नौका कुशीवर टेकतात, म्हणून ट्रान्सड्यूसर पठाणाच्या खाली येऊ देऊ नये.

बसवणी
तळाला उतार असतो, पण ट्रान्सड्यूसरचे तोंड सरळ खाली हवे. त्यासाठी उताराप्रमाणे कापलेला ठोकळा लावावा, टोकदार बाजू नाळेकडे. किनाऱ्यावर नौका कललेली असते, म्हणून पातळी जमिनीवरून न घेता पाण्याच्या रेषेवरून घ्यावी. प्रथम ३ मिलिमीटरचे बारीक छिद्र पाडून दोन्ही बाजूंनी जागा तपासावी, मगच मोठे छिद्र घ्यावे. सागरी सीलंट भरपूर लावावे. लाकडी नौकेत नट सुरुवातीला अति आवळू नये; लाकूड फुगल्यावर पुन्हा आवळावा. नौका पाण्यात उतरताच गळती पाहावी आणि तीन तासांच्या आत पुन्हा पाहावी. हे छिद्र पाण्याखाली आहे, खलाशांचा जीव त्यावर आहे. नौका बांधणाऱ्या सुताराशिवाय हे काम करू नये.

वायर कापू वा जोडू नये. लांबी आधी मोजावी, कमी पडल्यास कंपनीचीच जोडवायर घ्यावी. इंजिनाच्या व वायरलेसच्या तारांपासून ती दूर न्यावी.

तपासणी
शिसे बांधलेल्या दोरीने खोली मोजून पडद्याशी ताडून पाहावी. यंत्र खोली ट्रान्सड्यूसरपासून मोजते, तो पाण्यात जितका खाली तितकी भर यंत्रात घालावी. नंतर नौका उभी ठेवून, गिअर न टाकता इंजिनाचे फेरे वाढवावेत. ठिपके आले तर दोष विजेच्या तारांत आहे. ठिपके फक्त चालताना आले तर दोष बुडबुड्यांचा, म्हणजे जागेचा आहे. एवढी परीक्षा केली तर दुरुस्तीवाल्याला कोठे हात घालायचा हे सांगता येते.

देखभाल
शेवाळ व शिंपले चिकटले तर मऊ ब्रशने काढावेत, लोखंडी पात्याने खरवडू नये. तोंडावर नौकेचा साधा रंग लावू नये, पाण्यात मिसळणाराच विशेष रंग वापरावा. नौका कोरड्यावर असताना यंत्र चालू ठेवू नये.

डिझेल व बर्फाचा खर्च आपण जाणताच. पडद्याच्या आकारावर पैसे घालण्याआधी तळाच्या या वाटीएवढ्या वस्तूचा विचार करावा आणि नौका वर असतानाच जागा खडूने आखून ठेवावी.