रॅली राउंड : गोळा व्हायचं ते कुणासाठी?



आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलू या. रॅली हा शब्द आपल्याला नवा नाही. निवडणुकीची रॅली, पोलिओची रॅली, 8 मार्चची रॅली. पण त्याच्यापुढे 'राउंड' जोडलं की अर्थ बदलतो. 'रॅली राउंड' म्हणजे अडचणीतल्या माणसाभोवती सगळ्यांनी गोळा होणं, मदतीला लागणं.

शब्द मूळचा फ्रेंच. त्यात 'पुन्हा' आणि 'जोडणे' असे दोन तुकडे आहेत. लढाईत फौज उधळली, की पांगलेले शिपाई निशाणाभोवती परत जमायचे. त्याला रॅली म्हणत. पुढे तो शब्द घरादाराच्या अडचणीतही वापरू लागले. 'द नेबर्स रॅलीड राउंड' म्हणजे शेजारी मदतीला धावले. 'द विमेन रॅलीड राउंड हर' म्हणजे बायका तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

हा अर्थ आम्हाला जरा उशिराच कळला. एका वर्षी 8 मार्चला आमच्या गटाने रॅली काढली. फलक, घोषणा, फोटो, सगळं झालं. एक सखी मात्र आली नाही. दोन बैठकांनाही नव्हती, हप्ताही थकलेला. आम्ही वहीत दंड लिहिला आणि मोकळ्या झालो. रॅली तिच्याच दारावरून गेली, तरी कुणी आत डोकावलं नाही. तिचा नवरा झाडावरून पडून अंथरुणाला खिळला होता. हे कळलं ते चार दिवसांनी, पिठाच्या गिरणीवर.

त्या रात्री आम्ही बसलो. आधी दंड खोडला, हप्त्याला मुदत दिली. तिचा हरभरा वाळून घाटे तडकायला लागले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे अकरा जणी शेतात उतरलो आणि ऊन चढायच्या आत रान मोकळं केलं. दवाखान्यात जायची पाळी लावली. तिची म्हैस शेजारणीने सांभाळली. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी घोषणा ऐकू येत होत्या. वाटलं, कुणीतरी हाक मारील." आम्ही खाली मान घातली.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. एकाच्या रानात सगळ्यांनी राबायचं आणि तिथंच जेवायचं, याला आपली माणसं इर्जिक म्हणतात. कोकणात सावड आहे. इंग्रजी शब्दाने आम्हाला आपल्याच शब्दाची आठवण करून दिली.

आता आमच्या गटात एक नियम आहे. सलग दोन बैठकांना कुणी आली नाही, तर दंड लिहिण्याआधी दोघींनी तिच्या घरी जायचं. पुढच्या बैठकीत तुम्हीही हजेरीची वही उघडा. कोण दिसत नाही, ते बघा. आणि रॅली काढायच्या आधी तिच्या दारी जाऊन या.