खर्च कोणता आणि सरासरी कोणाची?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज भाषण कमी आणि हिशेब जास्त होणार आहे. मेळाव्याला आलं की घोषणा द्याव्याशा वाटतात, मलाही वाटतात. पण एक गोष्ट मला बरेच दिवस खटकते आहे. भावाचा प्रश्न घेऊन आपण साहेबापुढे जातो, 'उत्पादन खर्च भरून निघत नाही' असं सांगतो. साहेब शांतपणे विचारतो, 'तुमचा क्विंटलचा खर्च किती?' मग आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. एक म्हणतो पाच हजार, दुसरा म्हणतो दहा हजार. साहेब हसतो आणि स्वतःजवळचा छापील आकडा पुढे करतो. तिथेच आपली बाजू पडते.

खरी गोष्ट ही, की पाच हजारवालाही खरं बोलतो आणि दहा हजारवालाही. हे कसं, ते आज पाहू. कृषी महाविद्यालयात खर्चाचा हिशेब आणि संख्याशास्त्र हे दोन विषय सुरुवातीलाच शिकवतात. मी ते परीक्षेपुरते शिकलो. त्यांचा अर्थ कळला तो नोकरी सोडून तुमच्यात आल्यावर.

एका एकराचे तीन खर्च

कोरडवाहू कपाशीचा एक एकर घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपापले घालावेत. बियाणं, खतं, नांगरटी, वखरणी, डवरणी, फवारणी आणि मजूर लावून केलेलं निंदण मिळून १८,००० रुपये. बैलजोडी घरची असली तरी तिचं काम यात धरलं आहे. वेचणी आणि माल बाजारात नेणं याचे क्विंटलमागे १,००० रुपये. पाच क्विंटल कापूस झाला, म्हणजे एकूण २३,००० रुपये. हा झाला पहिला खर्च. सरकारी भाषेत याला ए-१ म्हणतात. जमीन मक्त्याने केली असेल तर दिलेला मक्ता मिळवून ए-२ होतो.

आता घरच्या माणसांचं काम धरा. धनी, घरधनीण, सुट्टीच्या दिवशी पोरगं. सगळ्यांचे मिळून तीस दिवस आणि रोज ३०० रुपये, म्हणजे ९,००० झाले. एकूण ३२,०००. याला सरकार ए-२ अधिक एफएल म्हणतं. एफएल म्हणजे घरची मजुरी.

आता तिसरा. जमीन स्वतःची आहे, पण ती दुसऱ्याला मक्त्याने दिली असती तर समजा ८,००० आले असते. औजारं, विहीर, गोठा यांत अडकलेल्या भांडवलाचं व्याज १,००० धरा. हे ९,००० मिळवले की ४१,००० होतात. याचं नाव सी-२.

पाचाने भागा. पहिल्या हिशेबाने क्विंटलला ४,६०० रुपये, दुसऱ्याने ६,४००, तिसऱ्याने ८,२००. वावर तेच, माणूस तोच, कापूस तोच, आणि खर्च तीन. म्हणून कोणी खर्चाचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा: कोणता खर्च?

हा प्रश्न विचारला नाही तर काय होतं ते पाहा. स्वामिनाथन आयोगाने २००६ साली शिफारस केली की हमीभाव हा उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट असावा. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट दिल्याचं जाहीर केलं. दीडपट खरी आहे, पण ती दुसऱ्या खर्चाची, सी-२ ची नव्हे. २०२५-२६ च्या खरिपात मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च ५,१४० रुपये धरला, आणि हमीभाव बरोबर दीडपट, ७,७१० आला. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६ धरला, भाव ३,६९९ आला. गुणाकारात चूक नाही. जे काही आहे ते गुणाकाराच्या आधी आहे.

आपल्या पाच क्विंटलवाल्याला ७,७१० रुपयांप्रमाणे ३८,५५० मिळाले. पहिल्या खर्चाने पाहिलं तर तो १५,५५० रुपये फायद्यात. घरची मजुरी धरली तर ६,५५० उरतात. जमीन आणि भांडवल धरलं तर २,४५० रुपये तोटा. खिशात पैसे आलेले दिसतात म्हणून तो पुढच्या वर्षीही कपाशी पेरतो. ते पैसे त्याच्या आणि बायकोच्या मजुरीचे आणि त्याच्याच जमिनीच्या मक्त्याचे आहेत, हे वहीत नसेल तर त्याला दिसणार कसं?

एकाच गावचे तीन शेतकरी

आता दुसरा प्रश्न, सरासरीचा. त्याच गावात आणखी दोघे घेऊ. एकाचं वावर काळं, खोल, त्याला आठ क्विंटल झाले. दुसऱ्याचं मुरमाड, ऐन पात्या-फुलांच्या वेळी पावसाने दडी मारली, त्याला तीनच झाले. खर्च तर दोघांनीही तेवढाच केला. फरक फक्त वेचणीचा. पीक बुडालं म्हणून बियाणाचे आणि खताचे पैसे कोणी परत देत नाही. हिशेबाच्या पुस्तकात याला स्थिर खर्च आणि बदलता खर्च म्हणतात. कोरडवाहू शेतीत जवळजवळ सगळा खर्च पाऊस कळायच्या आधी होऊन गेलेला असतो.

घरची मजुरी धरून आठवाल्याचा खर्च ३५,०००, म्हणजे क्विंटलला ४,३७५. पाचवाल्याचा ६,४००. तीनवाल्याचा ३०,०००, म्हणजे क्विंटलला १०,०००. आता गावाचा सरासरी खर्च किती? तिन्ही दर मिळवून तिनाने भागले तर ६,९२५ येतात. पण सगळा खर्च ९७,००० आणि सगळा कापूस १६ क्विंटल असा भागाकार केला तर ६,०६३ येतात. दोन्ही सरासरीच, आणि फरक क्विंटलमागे साडेआठशेच्या वर.

दुसऱ्या रीतीत ज्याचा कापूस जास्त त्याचं वजन जास्त. याला भारित सरासरी म्हणतात. देशाचा खर्च काढताना राज्यांच्या आकड्यांना त्यांच्या उत्पादनाप्रमाणे वजन दिलं जातं. देशाला किती खर्चात कापूस पडला हे पाहायचं तर ही रीत चुकीची नाही. पण ज्या राज्यात कपाशीला पाणी आहे, एकरी उतारा जास्त आहे, त्याचा आकडा आपल्या आकड्याला खाली ओढतो. आपल्याकडे कपाशीचं क्षेत्र प्रचंड आहे, पण बहुतेक सगळं पावसाच्या भरवशावर. तेव्हा दुसरा प्रश्न असा: सरासरी कोणाची?

तिसरी रीत सोपी आहे. तिघांना खर्चाप्रमाणे ओळीत उभं करा आणि मधल्याला विचारा. तो म्हणेल ६,४००. याला मध्यक म्हणतात. गावात शंभर शेतकरी असतील तर निम्मे या आकड्याच्या वर, निम्मे खाली. एखाद्या मोठ्या बागायतदाराने मध्यक फारसा हलत नाही. गावाची परिस्थिती सांगताना आपण सरासरीबरोबर मध्यकही सांगावा.

आता थोडं कडू बोलतो. सी-२ च्या दीडपट भाव ही आपली मागणी आहे आणि ती रास्त आहे. पण या गावात ती मान्य झाली असं समजा. तिघांचा सी-२ खर्च मिळून १,२४,०००, कापूस १६ क्विंटल, म्हणजे सरासरी ७,७५०. त्याची दीडपट ११,६२५. तीन क्विंटलवाल्याचा सी-२ खर्च आहे १३,०००. म्हणजे आपण आंदोलन जिंकलो तरी तो तोट्यातच राहील! भावाची लढाई सोडायची असा याचा अर्थ नाही. तीन क्विंटलच्या वावरात भाव एकटा पुरा पडत नाही, एवढाच अर्थ आहे. तिथे आधी खर्चाला हात घालावा लागेल, कपाशीत तूर घ्यावी लागेल, थोडी ज्वारी ठेवावी लागेल, आणि विमा खरा मिळवावा लागेल. कर्जाच्या चिठ्ठ्या याच माणसाच्या घरात सापडतात. त्याला 'भाव मिळाला की सुटशील' एवढंच सांगून घरी पाठवणं मला बरं वाटत नाही.

ज्वारी आणि कडबा

ज्वारीचं गणित आणखी वेगळं. एका पिकातून दोन माल निघतात, दाणा आणि कडबा. खर्च वेगवेगळा करता येत नाही, म्हणून दोन्हींच्या किमतीच्या प्रमाणात वाटून टाकतात. दाणा १५,००० चा, कडबा ५,००० चा आणि खर्च १६,००० असेल तर दाण्यावर १२,००० पडले. दुष्काळात कडबा महागला आणि तोही १५,००० चा झाला, तर दाण्यावर ८,००० च पडतील. कागदावर ज्वारी स्वस्तात पिकली! ज्याने कडबा विकला त्याला पैसे आले. पण ज्याने आपल्याच बैलांना घातला त्याच्या हातात काय आलं? तेव्हा कडबा घरी वापरला तरी पेंड्या मोजून बाजारभावाने वहीत लिहा, आणि तोच बैलांच्या खर्चात धरा. नाहीतर कपाशीतलं बैलांचं काम फुकटात धरलं जातं.

नमुना कोण निवडतो?

आता विमा. कॉलेजात आम्हाला पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक होतं, १९५४ सालचं. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. १९४० च्या दशकात या मंडळींनी पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय रीत देशात बसवली. शेत चिठ्ठी टाकल्यासारखं निवडायचं, माणसाच्या मर्जीने नाही, हा तिचा पाया. सुखात्म्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, कारण कडेवरची झाडं आत धरली जातात.

हे मी का सांगतो? विम्यात तुमचं वावर मोजलं जात नाही, महसूल मंडळाची सरासरी मोजली जाते. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन उंबरठा ठरतो, आणि यंदाची सरासरी त्याच्या खाली गेली तरच भरपाई. २०२३ ला आलेला एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपात बंद झाला आणि भरपाईचा मुख्य आधार उत्पन्नाची सरासरी हाच राहिला. मंडळातल्या मोजक्या तुकड्यांवर हजारो घरांचा पैसा ठरतो. तुकडा रस्त्याकडेच्या चांगल्या वावरात पडला, किंवा दोरी आखडली, की सगळं मंडळ गेलं.

मी नोकरीत असताना पीक प्रात्यक्षिकासाठी नेहमी सडकेलगतची काळी जमीन निवडायचो. पाहुण्यांची गाडी तिथवर जायची म्हणून. उतारा भरपूर यायचा, अहवाल छान व्हायचा. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, 'साहेब, माह्या बरडावर किती होईन?' माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी खोटं लिहिलं नव्हतं, पण नमुना माझ्या सोयीचा होता. तेव्हा कापणी प्रयोगाच्या दिवशी गावातले चार जण हजर राहा. वावर चिठ्ठीने निवडलं का, मोजणी पुरी झाली का, वजन तुमच्यासमोर झालं का, हे पाहा आणि कागद वाचूनच सही करा.

आता काम

सरकार पिकांचा खर्च काढण्यासाठी १९७०-७१ पासून एक योजना चालवतं. निवडलेल्या गावांच्या गटात दहा शेतकरी घेतात, जमिनीच्या पाच गटांतून प्रत्येकी दोन, आणि माणूस नेमून त्यांची रोजची नोंद ठेवतात. रीत चांगली आहे. ती आपणही उचलू. प्रत्येक गावात दहा घरं ठरवा. सगळ्यात लहान तुकड्यापासून सगळ्यात मोठ्या शेतापर्यंत पाच गट करा आणि प्रत्येकातून दोन घरं चिठ्ठी टाकून घ्या. कार्यकर्त्यांचीच घरं घेऊ नका, नाहीतर माझ्या सडकेलगतच्या जमिनीसारखं होईल.

शंभर पानी वही घ्या. पाच रकाने: तारीख, काम, रोख गेले किती, घरची माणसं किती दिवस, माल निघाला किती. रोज संध्याकाळी लिहा, कारण हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेला हिशेब आपल्याला हवा तसा आठवतो. मायबहिणींनो, ही वही तुमच्याजवळ असू द्या. तुमचं निंदण, तुमची वेचणी, मजुरांसाठी केलेल्या भाकरी, यांतलं काही सुटलं तर ते तुम्हालाच कळेल. आणि खर्च वाढवून लिहू नका. एक खोटी वही सापडली की बाकीच्या नऊ खऱ्या वह्या फुकट जातात.

शरद जोशी १९७० च्या दशकात परदेशातली नोकरी सोडून पुणे जिल्ह्यात आंबेठाणला आले, कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः कसू लागले. शेती तोट्यात का जाते हे त्यांना त्या शेतीच्या हिशेबातून उमगलं, आणि त्यातूनच पुढे लाखोंची चळवळ उभी राहिली. आपण घोषणा उचलल्या, वही मागे राहिली.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने दहा वह्या आणायच्या. खर्च तिन्ही रीतींनी काढू, सरासरीही काढू आणि मध्यकही. मग सगळे मिळून साहेबाकडे जाऊ. 'तुमचा क्विंटलचा खर्च किती?' असं त्याने विचारलं की आपण आधी विचारायचं, 'साहेब, कोणता खर्च?' आणि मग वह्या टेबलावर ठेवायच्या.