पडदे निवडायला डिग्री कशाला?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘बारावीनंतर मुलांनी काय शिकावं’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, तेव्हा मी कॉम्प्युटरवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. पण त्यातलं आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी आज वेगळ्याच शिक्षणाबद्दल बोलणार आहे. माझी मुलगी इंटिरिअर डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे बॅचच्या ग्रुपवर कळल्यापासून मला सात-आठ जणांचे फोन आले. जळगावचे सरळ मुद्द्यावर आले, धुळ्याच्यांनी आधी ‘काय चाली ऱ्हायनं?’ विचारलं. पण प्रश्न सगळ्यांचा एकच. “आमचीही तेच म्हणते गं. पण पडदे आणि सोफे निवडायला चार वर्षांची डिग्री कशाला?”

प्रश्न रास्त आहे. फी लाखांत जाते, मुलगी बाहेरगावी राहते, आणि घरातली वडीलमाणसं विचारतात, “हे शिकून होणार काय?” त्याचं उत्तर सरळ द्यायला हवं.

आधी कायद्याचं सांगते. ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावायचं तर 1972 च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझाइनरसाठी आपल्या देशात असा कायदा नाही. त्याच 1972 साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझाइनर्स’ ही व्यावसायिकांची संस्था सुरू झाली, पण तिचं सभासदत्व म्हणजे सरकारी परवाना नव्हे. म्हणजे उद्या कुणीही दुकानावर इंटिरिअर डिझाइनरची पाटी लावली तरी त्याला कुणी अडवणार नाही. डॉक्टर-वकिलांची डिग्री हातात आली की दार उघडतं, इथे तसं नाही. म्हणून इथे प्रश्न एवढाच उरतो, की त्या चार वर्षांत मुलगी खरोखर काय शिकते? ते शिकली तर पैसे वसूल, नाहीतर नुसतं सर्टिफिकेट.

काय शिकायचं असतं, ते आमच्याच घरातल्या उदाहरणावरून सांगते.

आमचं धुळ्याचं घर जुन्या गावातल्या एका गल्लीत आहे. इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्जने आखलेलं सरळ गल्ल्यांचं ते धुळं. गल्ल्यांना अजूनही नंबर आहेत. आमचं घर दर्शनी अरुंद, आत लांबच लांब, आणि मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. माझ्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या वॉकरवर चालायला लागल्या. त्याच सुमारास मुलीला कॉलेजात काम मिळालं, ते असं: ओळखीचं एक घर मोजा आणि तिथे राहणाऱ्या एका माणसाचा एक दिवस लिहून काढा. ती टेप घेऊन चार दिवस आजीच्या मागे-मागे फिरली.

तिने काय लिहिलं? बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी 22 इंच, वॉकर 24 इंचांचा. त्यामुळे आजी वॉकर बाहेर ठेवते आणि ओल्या फरशीवर भिंत धरत आत जाते. उंबरा तीन इंच. दिव्याचं बटण कपाटाच्या मागे. आणि दार आत उघडणारं, म्हणजे आजी आत पडली तर तिच्याच अंगामुळे दार उघडणार नाही. आम्ही सगळे त्या घरात वर्षानुवर्षं वावरलो. यातली एकही गोष्ट कुणी मोजली नव्हती, कारण आमच्यापैकी कुणी वॉकर घेऊन त्या दारातून गेलं नव्हतं.

आता पुढची पायरी. तिने नकाशात भिंत फोडून दार 32 इंचांचं केलं आणि छान रंगीत चित्र काढून नेलं. तिच्या शिक्षकांनी चित्राकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, “या भिंतीवर वर काय टेकलंय?” घर कडीपाटाचं. भिंतीवर तुळई होती. अशी भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय फोडायची नसते. मग तिने दुसरा मार्ग काढला. जुनी लाकडी चौकट दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच जागा खात होती. ती काढून एक-एक इंचाची लोखंडी चौकट बसवली, की भिंतीला हात न लावता 26 इंच मोकळे मिळतात. दार बाहेर उघडणारं केलं. उंबऱ्याच्या जागी बाहेरच्या बाजूने उतार, आत धरायला दोन दांड्या, बसायला एक पक्कं स्टूल, बटण दाराशी. सगळा खर्च एका साध्या सोफासेटएवढा. आई आज वॉकरसकट आत जातात आणि कडी न लावता दार नुसतं लोटून घेतात.

मैत्रिणींनो, यात पडदा कुठेच आला नाही. मोजणं, माणसाकडे बघणं, कुठल्या भिंतीला हात लावायचा नाही ते ओळखणं, कुणाचा सल्ला घ्यायचा ते कळणं, आणि सुताराला, लोहाराला, गवंड्याला समजेल असा नकाशा काढणं. चार वर्षं या गोष्टींसाठी लागतात. न शिकलेला माणूसही भिंत सुंदर रंगवेल, पण तीच भिंत तो बेधडक फोडेल, किंवा जुन्या वायरिंगवर दोन एसी चढवून वर लाकडी सीलिंग ठोकेल. तिथे चूक झाली तर ती माणसाच्या जिवावर येते.

आता मापांचं बघा. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बूझिएने इमारतींसाठी मापांची एक पद्धत बसवली होती, ती सहा फुटी पुरुष धरून. आपल्या स्वयंपाकघरात सहा फुटी पुरुष किती वेळ उभा असतो, हे तुम्ही मला सांगू नका! भारतीय माणसांच्या शरीराच्या मापांचं देबकुमार चक्रबर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 साली काढलं. ओटा किती उंच, वरचं कपाट कुठवर हात पोचेल, हे अशा आकड्यांवरून आणि समोरच्या बाईला प्रत्यक्ष उभं करून ठरतं. पाच फूट उंचीच्या बाईला कॅटलॉगमधला ओटा दिला, की तिचे खांदे आयुष्यभर दुखतात.

स्वयंपाकघर असं मोजून आखण्याचं गाजलेलं काम एका बाईचंच आहे. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी 1926 साली, घरातल्या बाईची पावलं आणि वेळ वाचावा म्हणून, सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब असं आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या डब्यातली स्वयंपाकाची खोली त्यांच्या डोळ्यांपुढे होती. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथल्या नव्या वसाहतींत बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी म्हणायची.

पण त्या आजीने खापरावरची पुरणपोळी केली नव्हती. आपल्याकडे अक्षय्यतृतीयेला खापर कुठे मांडणार? चिमणीखाली, काचेच्या शेगडीवर ते बसत नाही. चाळीस माणसांचं भरीत कुठे भाजणार? वर्षाचे गहू-ज्वारी भरून ठेवायला जागा कुठे? पापड-कुरडयांचं वाळवण? खान्देशातलं स्वयंपाकघर आखायचं तर मागच्या अंगणात किंवा गच्चीवर बुटकी शेगडी, पाण्याचा नळ आणि धान्याची कोरडी खोली नकाशात आधी यायला हवी. मुंबईच्या फ्लॅटचं चित्र इथे आणून चिकटवून चालत नाही.

उन्हाळ्याचंही तसंच. जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. आपला खरा आधार कूलर. कूलर बाहेरची कोरडी हवा आत घेतो, म्हणून आतली दमट हवा जायला समोर दुसरी खिडकी उघडी लागते. खिडकीवर कपाट बांधलं की कूलर निकामी. सीलिंग फार खाली आणलं की पंखा डोक्यावर येतो. कूलरच्या शेजारी साधा प्लायवुड लावला की दोन उन्हाळ्यांत फुगतो. आयएस 303 हा साध्या वापराचा प्लायवुड आणि आयएस 710 हा पाण्याला टिकणारा मरीन, हा फरक दुसऱ्या वर्षातल्या मुलीला झोपेतही सांगता आला पाहिजे. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हाचा तडाखा कसा थोपवायच्या, तोही अभ्यासाचाच भाग आहे.

आता, प्रवेश घेताना काय बघायचं? रस्ते बरेच आहेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. बारावीनंतर चार वर्षांची पदवी आहे. 1857 साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये इंटिरिअर डेकोरेशनचा विभाग आहे. अहमदाबादच्या सेप्टमध्ये इंटिरिअर डिझाइनचं स्वतंत्र शिक्षण 1991 पासून चालतं. खासगी कॉलेजं तर भरपूर. तिथे जाऊन आधी संलग्नता विचारा, आणि मग हे पाच प्रश्न विचारा.

एक, मुलं प्रत्यक्ष साइटवर किती जातात? दोन, वर्कशॉप आहे का, आणि मुली स्वतः रंधा-पटाशी हातात घेतात का? तीन, सुताराला देण्याचा नकाशा आणि खर्चाचं अंदाजपत्रक करायला शिकवतात का? चार, इंटर्नशिप किती महिन्यांची, आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी ती कुठे केली? पाच, शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः हा व्यवसाय करतात?

“आम्ही इतकी सॉफ्टवेअर शिकवतो” असं कुणी सांगितलं, तर भुलू नका. मी सॉफ्टवेअरवाली आहे म्हणून खात्रीने सांगते, त्यातलं सोपं काम तेच. ऑटोकॅडचा हात काही महिन्यांत बसतो, आणि दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी बदलतंच. थ्रीडी चित्र तर आता मशीन मिनिटभरात काढून देतं. पण आजीचा वॉकर दारातून जात नाही, हे त्या मशीनला कुणीतरी सांगावं लागतं.

चांगल्या कॉलेजातही दोन गोष्टी कमी शिकवल्या जातात, त्या घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली पैशाची. फी चौरस फुटावर घ्यायची, कामाच्या टक्क्यांवर की ठोक, पैसे कोणत्या टप्प्याला मागायचे, मालकाने मध्येच बेत बदलला तर काय, हे सगळं लेखी हवं. नात्यातलं काम फुकट करून मुली थकतात, कारण “घरचंच तर आहे” म्हणणारे आपणच असतो. दुसरी गोष्ट भाषेची. कॉलेज मिलिमीटर शिकवतं, मिस्त्री सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच, हे पुस्तकात सापडत नाही. ते साइटवर मिस्त्रीजवळ उभं राहूनच येतं.

आणि मुलीला तिथे उभं राहू दिलं पाहिजे. “साइटवर पोरीचं काय काम?” हे वाक्य मी जळगावातही ऐकलं आणि धुळ्यातही. मुलीला डिग्रीला पाठवायचं आणि साइटवर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे पोहायला शिकवायचं आणि पाण्यात उतरू द्यायचं नाही. त्यापेक्षा साइटवर स्वच्छतागृह आहे का, जायची-यायची सोय काय, एवढं बघा, आणि मग तिला जाऊ द्या.

सर, बाई, तुमच्याकडेही एक मागणं आहे. आपल्या वेळी चित्रकलेचा तास बहुतेक वेळा गणिताला जायचा. तरी आपल्यातल्या कितीजणांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या! वस्तुचित्र काढताना समोरची बादली नीट बघायला लागायची. बघून काढायची ती सवय या शिक्षणाचा पाया आहे. तो तास आता तरी चित्रकलेलाच ठेवा.

आणि शेवटचं मागणं माझ्या वर्गमित्रांकडे. आज या मांडवात टिंबर मार्टवाले आहेत, टाइल्सच्या दुकानाचे मालक आहेत, इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टर आहेत, दोन बिल्डर आहेत, एमआयडीसीत चटईचा कारखाना चालवणारेही आहेत. कुठल्याही कॉलेजला हेवा वाटेल अशी साइट आपल्या एका बॅचकडे आहे. आपल्या शाळेतून पुढे इंटिरिअर, आर्किटेक्चर किंवा सिव्हिलला गेलेल्या मुला-मुलींना दर उन्हाळ्यात दोन महिने तुमच्याकडे उभं राहू द्या. थोडं विद्यावेतन द्या, मिस्त्रींना सांगून ठेवा, आणि चुकलं तर रागवा. यादी करायचं आणि मुलांशी गाठ घालून द्यायचं काम माझ्याकडे. मागच्या टेबलावर मी वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी त्यात नाव, धंदा आणि किती मुलं घेऊ शकता, एवढं लिहा.